नळी तुंबलेला मास्तर

मी बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. दहावीच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा आला की सरळ सांगायचो, "हा सोपा आहे, घरी वाचून या." माझ्या आधीचे मास्तरही हेच सांगत आणि बहुधा त्यांच्या आधीचेही. मुलगे बाकाखाली तोंड घालून हसायचे, मुलींना एकदम दप्तरात काहीतरी शोधायचं असायचं, आणि मी घाईघाईने पुढच्या धड्यातली आकृती फळ्यावर काढायला घ्यायचो. धडा सोपा होता हे साफ खोटं होतं. मला स्वतःला तो समजायला पालघर, मुंबई आणि एक लांब सुई लागली.

घर आमचं घिवलीला, समुद्राला लागून. वडील गेल्यावर होडी चुलत्याकडे गेली आणि आईने मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बोईसरचा बाजार धरला. त्याच पाटीवर मी शिकलो. मी मास्तर झालो तो समुद्राला घाबरून, असं चुलत्याचं मत होतं, आणि ते अगदीच चूक नव्हतं. ऐंशीच्या दशकात माझं लग्न झालं. बायको शिरगावची, मासळीच्याच घरातली. हळद उतरते न उतरते तोच ती आईच्या शेजारी बाजारात बसायला लागली, आणि अणुकेंद्राच्या कॉलनीतून येणाऱ्या बायकांची घासाघीस करायची सवय या दोघींनी मिळून मोडून काढली.

मूल झालं नाही. आधी लोक वर्षं मोजत होते, मग मोजायचं सोडून बोलायला लागले. बोलणं सगळं बायकोला. तिने उपास केले, नवस केले, कोणी सांगितलेला कसलासा पाला वाटून प्यायली आणि दोन दिवस ओकत बसली. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी तिची पिशवी साफ केली, नळ्यांत औषध सोडून फोटो काढला, रोज उठल्या उठल्या तोंडात थर्मामीटर धरायला लावला. सगळं ठीक निघायचं. डॉक्टरीणबाई दरवेळी म्हणत, "मास्तरांनाही एकदा पाठवून द्या." बायको तो निरोप मला सांगायची, मी "हो" म्हणायचो आणि शाळेला जायचो. गड्यालाही तपासतात ही कल्पनाच आमच्याकडे कोणाच्या डोक्यात शिरत नव्हती. गडी पोहतो, जेवतो, पगार आणतो, त्याच्यात तपासायचं काय?

एका संध्याकाळी बायको बाजारातून आली, रिकामी पाटी दाराशी आपटली आणि म्हणाली, "माजी सवत बगून आलेत. नाक चपटं हाय म्हने, पन रंगाने उजल हाय."

आई मागोमाग येतच होती. तिने नाकारलं नाही. तिला खोटं बोलायचा कंटाळा होता. पलीकडच्या गावात तिने खरोखरच एक मुलगी पाहून ठेवली होती. हिला काढायचं नव्हतं. हिने राहायचं, तिनेही यायचं, आणि घरात पोर रांगायचं, एवढाच तिचा बेत.

मी म्हणालो, "दुसरं लग्न केलं तर माझी नोकरी जाईल." मला वाटलं, काय बिनतोड मुद्दा काढला!

बायको माझ्याकडे वळली. "नोकरी जाईल म्हनून नको? आनि जानार नसती तर?"

 शाळेत पोरांना गप्प बसवणारा मी, घरात दोन बायकांपुढे माझी बोबडी वळायची.

"माजं सगलं तपासून झालं," ती म्हणाली. "आता यांचं तपासा. यांच्यात काय नाय निगालं तर मी सोता जाऊन सवतीला घेऊन येते."

"आनि निगालं तर?" आईने विचारलं.

"मंग बगू," बायको म्हणाली, आणि चुलीकडे गेली.

तर असा मी तपासणीला उभा राहिलो. पालघरच्या तपासणीवाल्याकडे एकच संडास होता. त्याची कडी तुटलेली आणि बाहेर खोकणाऱ्या पेशंटांची रांग. तिथे माझ्याच्याने काही होणं शक्य नव्हतं. तो म्हणाला, "घरून आणलं तरी चालेल. पण लवकर आणा. माल खराब होता कामा नये." त्याने एक रुंद तोंडाची बाटली दिली. मी ती खिशात घालून घरी आलो आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी खोलीत गेलो. खोली म्हणजे पत्र्याची आडभिंत. आत मी माझं कर्तव्य करत होतो आणि पत्र्यापलीकडे आई मासे साफ करता करता मांजराला शिव्या घालत होती. त्या शिव्या ऐकत हे काम उरकणाऱ्या माणसाला सरकारने काहीतरी पदक द्यायला हवं. उरकलं एकदाचं. बाटली बायकोच्या हातात दिली आणि मी पँट चढवेपर्यंत तिने फडक्यात बांधलेला डबा माझ्या हातात ठेवला. डबा मला जड वाटला, पण घाईत होतो.

एसटीत बसलो, डबा मांडीवर. उमरोळी येईपर्यंत माझी पँट भिजायला लागली. बाजूला आमच्याच बाजारातली एक म्हातारी कोळीण बसली होती. तिने मांडीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"मास्तर, मासे नेता?"

"हो."

"कंचे?"

"बारीक आहेत."

"जवला?"

"त्याहून बारीक."

तिला ते काही पटलं नाही. ती म्हणाली, "पानी गलतंय तुमचं. बरफ नीट दाबला नाय कोनी." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की डब्यात बर्फ आहे.

तपासणीवाल्याने फडकं सोडलं, झाकण काढलं. आत फोडलेला बर्फ, त्यावर केळीचं पान, पानावर ती बाटली आडवी, आणि तिच्यावर पुन्हा बर्फ. पापलेट मुंबईला पाठवताना जसं भरतात अगदी तसं. बायकोची काही चूक नव्हती. खराब होता कामा नये, असं सांगितलं होतं. आमच्या घरात जी वस्तू खराब व्हायला नको ती बर्फात जाते. शंभर पिढ्यांनी दुसरं काही केलेलं नाही, म्हणजे बर्फाचा कारखाना निघाल्यापासूनच्या तरी. तपासणीवाला बराच वेळ डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, तुम्ही विज्ञानच शिकवता ना?"

रिपोर्ट आला. शुक्रजंतू: शून्य.

मी रडत घरी गेलो असेन असं वाटेल, पण उलटंच झालं. मी सांगितलं तशी बायकोने कपाळावर हात मारला, "बरफाने मेले!" आणि आई खूश झाली. "येडी का खुली तू? जित्ता जीव बरफात घालतात?" असं म्हणत ती चक्क हसली. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी सासूसुना एका ताटाशी बसून बोलल्या. सगळा दोष बर्फावर गेला, आणि बर्फाची कोणालाच लाज नव्हती. मीसुद्धा चवीने जेवलो. विज्ञानाचा मास्तर असून मला एवढं सुचलं नाही, कारण मला ते सुचायला नको होतं.

सुचवलं डॉक्टरीणबाईंनी. "मास्तर, बर्फाने ते मरतील. पण मेलेले तरी दिसतील ना? बाटलीतून उठून जाणार कुठे? इथे मेलेला एकसुद्धा नाही." तरी पुन्हा तपासायला सांगितलं. या खेपेला बाटली शर्टाच्या आत, काखेत धरून नेली, अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी. पुन्हा शून्य.

गावाला कळायला वेळ लागला नाही. गावाने लगेच कारण शोधलं: अणुकेंद्र. तिकडचा वारा लागला म्हणे मास्तराला. मी कधी त्या कुंपणाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, आणि आत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या घाटावरच्या माणसांची पोरं माझ्या वर्गात बाकाला बाक लावून बसत होती, एकेकाची तीन तीन भावंडं. पण माझा हा पुरावा कोणी ऐकून घेतला नाही. आईला तर अणूही पटला नाही. "गड्यात कदी कमी असतं का?" ती म्हणाली. "ते काचंतून बगनारे चुकले असतील." तिला ते खरं मानायचंच नव्हतं. पण त्या दिवसापासून पलीकडच्या गावातल्या मुलीचं नाव तिने काढलं नाही.

डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर आम्ही दोघं मुंबईला एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. हे फक्त पुरुषांचं बघणारे डॉक्टर. त्यांच्या दाराबाहेर बसलेल्या पुरुषांइतके गरीब चेहऱ्याचे पुरुष मी कुठे पाहिले नाहीत. प्रत्येकजण भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचत होता. आत डॉक्टरांनी मला उभं केलं, हातमोजा चढवला आणि गोट्या अशा चाचपल्या, जशी आमची आई खेकडा भरलेला आहे की पोकळ ते चाचपते. मग मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर व्रण आहेत, वर्गातली पोरं मला मागून त्यावरून नावं ठेवत.

"लहानपणी देवी आल्या होत्या?"

"हो."

"मग झालं तर!" त्यांना एवढा आनंद झाला की मला वाटलं, आता पेढे मागवतात. त्यांनी समजावून सांगितलं. देवीच्या रोगात काही मुलांच्या वृषणाला लागून असलेल्या बारीक नळीत सूज येते आणि ती नळी बुजते. बी तयार होतं, बाहेर पडायला वाट राहत नाही. "कारखाना चालू आहे मास्तर, गेटला कुलूप आहे."

बोईसरला नोकरी करणाऱ्याला हे पुरेसं होतं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा गेट उघडं आणि आतला कारखाना बंद, असंच जास्त होतं. म्हणजे माझी परिस्थिती त्या मानाने बरी म्हणायची.

रक्त वगैरे तपासून त्यांनी तेच कायम केलं. नळी जोडायचं ऑपरेशन करता आलं असतं, पण नळी बुजून जिथे गाठ झाली होती त्या जागी ते जमण्याची खात्री डॉक्टर देईनात. मग त्यांनी नवी तऱ्हा सांगितली, नुकतीच मुंबईत सुरू झालेली. गाठीच्या अलीकडे सुई घालायची, तुंबलेलं बी ओढून घ्यायचं. बायकोची अंडी काढायची. आणि काचेच्या सुईने एकेका अंड्यात एकेक शुक्रजंतू नेऊन सोडायचा. मी विचारलं, "एकच?" ते म्हणाले, "एकच लागतो. बाकीचे नुसती गर्दी करतात." हे आमच्या पुस्तकात असतं तर मीसुद्धा तो धडा वर्गात शिकवला असता.

घरी येऊन आईला सांगितलं. आई बोंबील धूत होती. मी देवीचं नाव काढलं आणि तिचा हात थांबला. मग तिने जे सांगितलं ते तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मी रांगता असताना टोचायला देवीडॉक्टर गावात आला होता. टोचलं की देवी कोपते, असं सगळ्या बायका म्हणत. त्याची सायकल दिसली की पोरं लपवायची, हा गावचा रिवाज. आईने मला किनाऱ्यावरच्या होडीत शिडाखाली झोपवलं आणि डॉक्टरला सांगितलं, पोर आजोळी गेलंय. पुढच्या वर्षी देवी आली. घरात फोडणी बंद, दाराला लिंबाचा पाला, आई दिवसरात्र माझ्याजवळ. मी जगलो.

"तोंडावर घेतलं तेवडंच तिनं घेतलं, असं समजले मी," आई म्हणाली. "आजपरत तिला नारल देत आले."

मला तिचा राग आला, खूप आला. पोराला होडीत लपवून ठेवणारी बाई! पण ती तिथे बसली होती, कोपरापर्यंत हात बोंबलाच्या पाण्यात, आणि तिच्याकडे बघून माझा राग टिकला नाही. "अगं, जगलो ना," एवढंच म्हटलं.

आई उठली, हात पुसले आणि थेट माझ्या बायकोसमोर जाऊन बसली. आमच्या समाजात काडीमोड आहे. बाईला नवरा नको झाला, तर पंचांसमोर मोडून देतात आणि ती दुसऱ्याशी पाट लावू शकते. हे सगळ्यांना माहीत असतं, पण सासू स्वतःहून सुनेपुढे हा विषय काढते, असं मी कधी ऐकलं नव्हतं.

"मी माज्या पोरासाटी दुसरी बगितली होती," आई तिला म्हणाली. "तवा कमी तुज्यात हाय असं वाटलं. आता कमी त्याच्यात हाय, आनि ती माज्यामुलं. मंग तू का भोगायचं? तुला पोर पायजेल तर तू दुसरा बग. पंचांपुडं मी उबी ऱ्हाते. पाठवनी मी करीन, माज्या लेकीसारकी."

"आये!" मी ओरडलो.

"तू गप. तुला कोनी इचारलं नाय."

माझी आई इतक्या न्यायाने वागणारी बाई आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होण्याची ही वेळ मुळीच नव्हती. मी बायकोकडे पाहिलं. ती नाही म्हणेल, रडेल, पदर तोंडाला लावेल, सासूच्या पाया पडेल असं मला वाटलं. ती विचार करत होती. अगदी शांतपणे, आज सुरमई घ्यावी की नको तसा.

"आदी ती सुई होऊ द्या," ती म्हणाली. "मंग सांगते."

तेव्हापासून माझी झोप उडाली. लोकांना वाटायचं, मास्तर सुईला घाबरलाय. सुईचं काय, सुई एकदा लागते. पण ही बाई निघून गेली तर? तिच्याशी मी बरीच वर्षं भांडलो होतो, तिच्या हातचं खाल्लं होतं, तिच्या घोरण्याला शिव्या दिल्या होत्या, आणि ती नसलेल्या त्या पत्र्याच्या खोलीचा मला विचारही करवत नव्हता. पण हे तिला सांगायचं कसं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. म्हणून मी नुसता मुंबईच्या तारखेची वाट बघत बसलो.

आधी तिचा नंबर. तिला रोज इंजेक्शनं. ती थंड ठेवायला सांगितली होती, आणि या खेपेला बर्फाला विज्ञानाचीही संमती होती. बोईसरचा कंपाउंडर टोचायचा. तिच्या मांड्या काळ्यानिळ्या झाल्या, पोट फुगलं, तरी ती बाजारात बसायची. मला मात्र एकदाच, मधमाशी चावावी तशी सुई लागणार होती, आणि गावात सगळे चौकशी करत होते ती माझीच. "मास्तर, संबालून हां!" गडी माणसाच्या त्या भागावर संकट आलं की सगळ्या पुरुषजातीचा कळवळा जागा होतो.

त्या दिवशी तिला एका खोलीत नेलं आणि मला शेजारच्या. मला टेबलावर आडवं केलं, खाली सगळं उघडं, वर हिरवं कापड. भुलीचं इंजेक्शन त्याच जागी देतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी विरारवरून परत फिरलो असतो. माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून डॉक्टरांनी विषय काढला.

"मास्तर, तुम्ही समुद्रावरचे. पापलेट ताजं आहे हे ओळखायचं कसं?"

"कल्ला उघडायचा," मी म्हणालो. "आत लाल पाहिजे. डोळा वर आलेला पाहिजे. आणि बोटाने दाबलं की..."

"की?"

"की खड्डा पडता कामा नये... अगं आई गं!"

"झालं, झालं. बोला. आणि हलव्याचं?"

हलव्याचं, रावसाचं, शेवंडीचं, सगळं सांगून झालं तोवर सुईतून थेंबभर पांढुरकं पाणी नळीत आलं होतं. एक बाई ते घेऊन आतल्या खोलीत गेली. मी छताकडे बघत पडलो. आत काही नसलं तर? शेजारच्या खोलीत बायको भुलीत झोपलेली, आणि जागी झाल्यावर तिचं उत्तर तयार. त्या टेबलावर मी देवाचं नाव घेतलं. देवीचं मात्र घेतलं नाही, तिच्याशी माझं तेव्हा बोलणं बंद होतं.

आतून हाक आली. डॉक्टर म्हणाले, "चला मास्तर, बघायचंय?" मला फेंगड्या पायांनी चालवत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. शाळेत याच यंत्रातून मी पोरांना कांद्याची साल दाखवायचो. आता खाली बघितलं तर ते होते. कितीतरी. काही नुसते थरथरत होते, काही जागच्या जागी गोल फिरत होते, आणि एक सरळ निघाला होता, कुठे ते त्याचं त्याला माहीत. माझे होते ते. चाळिशीला आलो तरी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही एवढी वर्षं कुलपाआड बसून होते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ती बाई म्हणाली, "सर, काचेवर पडेल, बाजूला व्हा."

बायको शुद्धीवर आली तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत, मांडीवर बर्फाची पिशवी धरून बसलो होतो. "आहेत," मी सांगितलं. "भरपूर आहेत."

तिने डोळे न उघडताच विचारलं, "मंग एवडी वर्सं काय करत होते?"

काही अंडी फळली. थोड्या दिवसांनी ती तिच्या पोटात सोडली. मी गळू झाल्याचं शाळेत सांगून रजा घेतली होती. परत गेलो तेव्हा दहावीच्या वर्गात तोच धडा लागला होता. मी पहिल्यांदा तो फळ्यावर काढला, एकूण एक नळीसकट. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मी खडू फेकून मारला आणि पुढे शिकवत राहिलो.

घरी आम्ही तिघंही वाट बघत होतो, आणि कोणी कोणाशी त्याबद्दल बोलत नव्हतं. आई बायकोला पाटी उचलू देत नव्हती. बायको वैतागून किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला जाऊन बसायची.

एका दुपारी मी शाळेतून आलो तर दोघी तिथेच, बांबूंवर टांगलेल्या बोंबलांच्या दोन बाजूंना. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाली आली माजी."

मी वाळूत खाली बसलो. एवढं सगळं करून. मला ते पोर हवं होतं. सवतीचा विषय टळावा म्हणून नव्हे, गावाचं तोंड बंद व्हावं म्हणूनही नव्हे. तो एक सरळ निघालेला मी पाहिला होता, म्हणून हवं होतं. आणि पुन्हा मुंबई करायची ऐपत आता घरात नव्हती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

 बोंबलांच्या पलीकडून आईचा आवाज आला. "मी शब्द दिला हाय तुला. शिरगावला तुज्या भावाला निरोप धाडू का?"

"डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा बऱ्याच जणांचं होत नाही," मी घाईने बोलायला लागलो. "पुढेमागे हे स्वस्त होईल, कोणी सांगावं, आणि तोवर..."

"तुमी गप बसा," बायको म्हणाली. "आयनी मला इचारलं, ऱ्हातेस का जातेस. तुमी इचारलं कदी?"

नव्हतं विचारलं. लग्नात विचारलं नव्हतं, तेव्हा कोणी विचारत नसे. त्यानंतरही नाही. सुई घालून घ्यायला गेलो, पण तिला विचारायला मला धीर झाला नव्हता. कारण विचारलं की ती उत्तर देणार, आणि ती माझ्या आईसारखीच, तिलाही खोटं बोलायचा कंटाळा.

"राहशील?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा विचारलं. "पोर नाही झालं तरी, इथे राहशील का तू?"

तिने बांबूवरचा एक बोंबील काढला, उलटा केला, पुन्हा टांगला. मग दुसरा.

"ऱ्हाते," ती म्हणाली. "आजवर आनली म्हनून ऱ्हायले होते. ते वेगलं."

मला रडू फुटलं. भर दुपारी, सगळ्या किनाऱ्यासमोर, चाळिशीचा मास्तर वाळूत बसून हुंदके देऊन रडत होता, आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. आई बोंबलांच्या पलीकडून वाकून बघत होती. तिचेही डोळे ओले होते, पण ती आपल्या कामाला लागली.

"रडतोस काय?" ती म्हणाली. "ऊठ, तिच्या हातचे घे आनि पलट. तिच्या पोटात दुकतंय."